ग्लासगोचा रेनकोट आणि मामाच्या गाडीचं छत

आजची गोष्ट माझ्याच चुकीची. मामाच्या कन्व्हर्टिबलच्या कापडी छतावर ग्रीसचा डाग पडला. मी पेट्रोलचा बोळा घेऊन तो खसाखसा घासला. डाग गेला, पण पहिल्याच पावसात तिथून पाणी ठिबकलं. का?

उत्तर सापडतं १८२३ मध्ये. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिन्टॉशनं दगडी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या नॅप्थात रबर विरघळवलं, ते दोन कापडांच्या मध्ये लावलं आणि पेटंट घेतलं. त्यातूनच रेनकोट आला. पण हे रबर उन्हात चिकट व्हायचं, थंडीत कडक. गंधक घालून तापवलं की ते टिकतं, यासाठी १८४४ मध्ये चार्ल्स गुडइयरला अमेरिकेत पेटंट मिळालं.

आजही चांगल्या कापडी छताची रचना तीच: वर कापड, मध्ये रबर, खाली कापड. आणि पेट्रोल म्हणजे नॅप्थाचं भावंडच! रबर फुगवून सैल करणारं.

म्हणून आधी धूळ झटका. मग कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. साबण पूर्ण निघू द्या, छत नीट वाळू द्या, मगच कापडासाठीचा वॉटरप्रूफ स्प्रे मारा. ओलं छत दुमडलंत तर बुरशी ठरलेली.

मामा मात्र अजून चावी देत नाही. भेटू पुढच्या भागात!