तळटीप : ‘टीटी’ गेजच्या गाड्या
१. लेखकाने उल्लेखिलेल्या खेळण्यातल्या आगगाड्या ‘टीटी’, म्हणजे ‘टेबल टॉप’ गेजच्या. रुळांतले अंतर 12 मिलिमीटर. घरोघरी परिचित असलेल्या ‘एचओ’चे साडेसोळा. अमेरिकेत हॅल जॉइस यांनी 1945मध्ये हे गेज आणले, तेव्हा प्रमाण 1:120 ठरले. या प्रमाणात खऱ्या 1,435 मिलिमीटरच्या रुळांशी हिशेब जवळजवळ तंतोतंत जुळतो.

ब्रिटनमध्ये तो बिघडला. ट्राय-अँगने 1957मध्ये ‘जिंटी’ हे छोटे इंजिन बाजारात आणले ते फुटाला 3 मिलिमीटर या मापाने. रूळ मात्र 12 मिलिमीटरचेच राहिले. त्यामुळे त्या गाड्या जणू चार फुटी रुळांवर धावतात! पुढे ‘एन’ गेज आले आणि दशकभरातच ट्राय-अँगचा टीटीतला रस आटला.

पूर्व बर्लिनच्या त्सोइके कंपनीचे टीटी मात्र लहान फ्लॅटांच्या पूर्व जर्मनीत रुजले. जर्मनीच्या एकीकरणानंतर, 1993मध्ये, टिलिग कंपनीने तो कारखाना घेतला. हॉर्नबी 2022मध्ये टीटीकडे वळली, तीही 1:120 हे प्रमाण घेऊन.

म्हणूनच संग्राहक खरेदीआधी माप विचारतो : ट्राय-अँगचे डबे त्सोइकेच्या इंजिनामागे बेढब दिसतात. जुन्या चाकांच्या खोल कडा आजच्या बारीक रुळांवर अडखळतात. जस्ताच्या ओतीव भागांना तडे गेले आहेत का, हेही तो पाहतो. मिश्रधातूत शिसे मिसळले असेल तर असे भाग कालांतराने फुगून भुगा होतात. शाबूत खोका असला की किंमत वाढते. — संपा.