विदा-उत्खनन

नोंदींच्या मोठ्या संचयातून, त्या ठेवताना कोणाच्याही मनात नसलेले परंतु व्यवहारास उपयोगी पडणारे संबंध गणिती रीतीने शोधून काढण्याच्या पद्धतीस विदा-उत्खनन किंवा डेटा मायनिंग असे म्हणतात. विदा म्हणजे नोंदलेली मूळ माहिती. प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ आधी प्रश्न ठरवितो व मग निरीक्षणे जमवितो. येथे क्रम उलटा असतो. नोंदी बहुधा हिशेबासाठी किंवा देखरेखीसाठी ठेवलेल्या असतात आणि प्रश्न मागाहून विचारला जातो. या पद्धतीचे सामर्थ्य व तिचे दोष ही दोन्ही या उलट क्रमातूनच उद्‌भवतात.

संगणकापूर्वीचे याचे उत्तम उदाहरण नौकानयनात सापडते. अमेरिकन नौदलातील अधिकारी मॅथ्यू फाँटेन मॉरी (१८०६–७३) हे अपघातात पाय अधू झाल्याने समुद्रावर जाण्यास असमर्थ ठरले. १८४२ मध्ये वॉशिंग्टन येथील नकाशे व उपकरणे यांच्या भांडाराचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. तेथे जुन्या जहाजांच्या रोजनिशा निरुपयोगी म्हणून पडून होत्या. त्यांतील वारे, प्रवाह व स्थाने यांच्या नोंदी एकत्र करून मॉरींनी १८४७ पासून वारे व प्रवाह यांचे नकाशे प्रसिद्ध केले. ब्राझीलच्या साऊँ रोके भूशिराजवळील प्रवाहाच्या धास्तीने कप्तान तेव्हा दूर पूर्वेकडून वळसा घेत. ही धास्ती अवाजवी असल्याचे रोजनिशांवरून दिसून आले. १८४८ मध्ये बॉल्टिमोरहून निघालेले एक जहाज मॉरींच्या मार्गाने ३८ दिवसांत रीओ दे जानेरोला पोहोचले; नेहमीपेक्षा सु. १७ दिवस वाचले. नकाशे विनामूल्य मिळत, मात्र कप्तानाने आपल्या प्रवासाच्या नोंदी ठरावीक नमुन्यात भरून पाठवाव्यात अशी अट असे. सेवेच्या बदल्यात नोंदी घेण्याचा हा व्यवहार आज मोबाइल फोन बाळगणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे.

कर्जव्यवहारात ही पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यास आली. कर्ज द्यावे की नाही हे तोवर अधिकाऱ्याच्या वैयक्तिक मतावर अवलंबून असे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड ड्यूरँड यांनी १९४१ मध्ये हप्त्यांच्या कर्जांच्या जुन्या नोंदी तपासून कर्जदारांना गुण देण्याची रीत मांडली. बिल फेअर व अर्ल आयझॅक यांनी १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन केलेल्या कंपनीने तिचा व्यवसाय केला. अधिकाऱ्याच्या लहरीपासून कर्जदाराची काहीशी सुटका झाली हे खरे. परंतु ज्यांना पूर्वी कर्जच नाकारले गेले त्यांनी ते फेडले असते की नाही, याची नोंद कोठेच नसते. जुना पक्षपात अशा रीतीने आकड्यांच्या रूपाने पुढे चालू राहू शकतो. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने कर्ज देताना स्त्री-पुरुष व वैवाहिक स्थिती यांवरून भेद करण्यास बंदी केली व १९७६ मध्ये तीत वंश, धर्म इत्यादींची भर पडली. तथापि वंशाचा रकाना काढून टाकला, तरी राहत्या वस्तीवरून तो पुष्कळदा ओळखता येतो. भारतात कर्जविषयक माहिती एकत्र ठेवणारी पहिली संस्था मुंबईत २००० साली स्थापन झाली.

किराणा व्यापारात नोंदींचा पूर लोटला तो पट्टीसंकेतामुळे (बारकोडमुळे). २६ जून १९७४ रोजी ओहायओ राज्यातील ट्रॉय येथील एका दुकानात पट्टीसंकेत वाचून पहिली वस्तू, च्युइंगगमचे एक पुडके, विकली गेली. पुढे प्रत्येक पावती साठू लागली. पण तिचा अर्थ लावण्याचे साधन नव्हते. ते रूडकी येथे शिक्षण घेतलेले संगणकशास्त्रज्ञ राकेश अग्रवाल व त्यांचे सहकारी यांनी १९९३–९४ मध्ये दिले. समजा, १,००० पावत्यांपैकी १०० वर पोहे आहेत व त्यांतील ६० वर शेंगदाणेही आहेत. तर ‘पोहे घेणारा शेंगदाणे घेतो’ हा नियम ६० टक्के वेळा खरा ठरतो. मात्र एकूण पावत्यांपैकीही ६० टक्क्यांवर शेंगदाणे असतील, तर या नियमातून काहीच कळत नाही. वस्तू हजारो असल्याने त्यांच्या जोड्या व त्रिकुटे अगणित होतात. जी जोडी क्वचितच आढळते, ती ज्यात आहे असे कोणतेही त्रिकूट तपासण्याचे कारण नाही, या साध्या विचाराने अग्रवाल व रामकृष्णन श्रीकांत यांनी काम आटोक्यात आणले. बिअर व बाळाचे लंगोट एकत्र विकले जातात, ही या क्षेत्रातील सर्वांत प्रसिद्ध कथा मात्र बरीचशी सजविलेली आहे. १९९२ च्या सुमाराच्या ज्या विश्लेषणावर ती आधारली आहे, त्यानंतर दुकानांनी या दोन वस्तू शेजारी मांडल्याच नव्हत्या.

क्रेडिट कार्डांवरील लबाडी ओळखण्यासाठी १९९२ पासून, तर औषधांच्या दुष्परिणामांच्या जागतिक नोंदींतून धोक्याच्या सूचना हेरण्यासाठी स्वीडनमधील उप्साला येथे १९९८ च्या सुमारास ही पद्धत वापरात आली.

अर्थशास्त्रज्ञांमध्ये ‘डेटा मायनिंग’ हा शब्द पूर्वी निंदाव्यंजक होता. पुरेसे संबंध तपासले, तर त्यांतील काही केवळ योगायोगाने जुळतात, हा इशारा मायकेल लव्हेल यांनी १९८३ मध्ये या शब्दाचेच शीर्षक असलेल्या लेखात दिला. गूगल कंपनीने २००८ मध्ये लोकांच्या शोधशब्दांवरून इन्फ्ल्यूएंझाच्या साथीचा अंदाज देणे सुरू केले, तेव्हा त्याची फार वाखाणणी झाली. परंतु २०१२–१३ च्या हिवाळ्यात तो प्रत्यक्षाच्या दुपटीहून अधिक निघाला व २०१५ मध्ये अंदाज प्रसिद्ध करणे थांबले.

नावे गाळली म्हणजे व्यक्ती सुरक्षित राहते हा समजही टिकला नाही. नेटफ्लिक्स कंपनीने २००६ मध्ये स्पर्धेसाठी खुल्या केलेल्या निनावी अभिप्रायांतून काही व्यक्ती ओळखता येतात, हे अरविंद नारायणन व व्हिटाली श्माटिकॉव्ह यांनी दाखविले; कंपनीने नियोजित दुसरी स्पर्धा २०१० मध्ये रद्द केली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. संसदेने २०२३ मध्ये संमत केलेल्या कायद्यानुसार संमतीने घेतलेली वैयक्तिक माहिती सांगितलेल्या प्रयोजनापुरतीच वापरावयाची आहे. एका कारणासाठी ठेवलेल्या नोंदी दुसऱ्या कारणासाठी वापरणे हाच ज्या पद्धतीचा पाया, तिला या तरतुदीत कितपत वाव राहील, हे न्यायालयांच्या निर्णयांवर अवलंबून आहे.