आपला अझर, तुमचा अझर

'जगात जर्मनी अन् भारतात परभणी' ही म्हण ज्यानं काढली तो परभणीचाच असणार, हे सांगायला संशोधक लागत नाही. दुसऱ्या गावचा माणूस आमच्याविषयी इतकं चांगलं कशाला बोलेल? बाहेरगावचा पाहुणा स्टेशनाबाहेर पडल्यापासून या म्हणीला आधार शोधू लागतो. त्यानं रस्ते आणि इमारती बघत न फिरता सरळ चहाच्या टपरीवर जाऊन बसावं. जर्मनीच्या चॅन्सेलरपासून नांदेडच्या कलेक्टरपर्यंत कुणाचंही प्रकरण तिथं अर्ध्या चहात निकाली निघतं, आणि त्या निकालावर अपील नसतं.

ही न्यायबुद्धी आम्हाला निजामाकडून मिळाली, असं माझं मत आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी हैदराबाद संस्थानात होती आणि संस्थानाच्या कोर्टाचा कारभार उर्दूत चाले. पुढं संस्थान गेलं, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. पण पेशी, मुद्दई, गवाह, नजीर हे शब्द मुक्कामालाच राहिले. पुण्यामुंबईचा माणूस भांडताना 'काय पुरावा आहे?' असं विचारतो. आमचा माणूस 'गवाह कोन हाय?' असं विचारतो आणि शेजाऱ्याचा हात धरून त्याला गवाह करूनही टाकतो.

दुसरी गोष्ट राहिली ती हैदराबादची ओढ. लग्नाचा बस्ता, डोळ्याचं ऑपरेशन, मुलाची नोकरी, सगळ्याला हैदराबाद. मुंबई ही राजधानी खरी, पण ती कागदावर. त्यामुळे क्रिकेटमध्ये आमची फार पंचाईत असे. गावसकर आणि वेंगसरकर मुंबईचे. आम्ही त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होतो, पण त्या पाहुण्याच्या लग्नातल्या टाळ्या. नवरदेव आपला नव्हे.

अशा वेळी १९८४ सालच्या ३१ डिसेंबरला कलकत्त्याला इंग्लंडविरुद्धची कसोटी सुरू झाली आणि एकवीस वर्षांचा एक सडपातळ हैदराबादी मुलगा भारताकडून पहिल्यांदा उतरला. मोहम्मद अझरुद्दीन. त्यानं त्या कसोटीत ११० केले. पुढच्या मद्रासच्या कसोटीत १०५. त्यापुढच्या कानपूरच्या कसोटीत १२२. पहिल्या तीन कसोट्यांत तीन शतकं जगात कुणी केली नव्हती. आमच्या टपरीवर रेडिओभोवती जमलेल्या मंडळींनी त्याच दिवशी ठराव केला की पोरगा आपला आहे. हैदराबादचा म्हणजे आपला. यात आणखी सिद्ध करायचं काय?

टपरी चाचाची. स्टेशन रोडवरच्या एका लिंबाखाली ती होती. चाचा चहा उत्तम करीत आणि दख्खनी उर्दूत मोजकं बोलत. नेहमीच्या गिऱ्हाइकांत गणिताचे एक मास्तर होते, एक वकीलसाहेब होते आणि मी होतो. मी एका कचेरीत कारकून असल्यामुळं माझ्याकडं वेळ भरपूर असे. चाचांनी 'स्पोर्टस्टार'मधलं अझरचं रंगीत पान फडताळाच्या वरच्या भिंतीला चिकटवलं. कॉलर वर, गळ्यात तावीज, मनगट वळलेलं. मास्तरांनी दोनशेपानी वही केली आणि तीत अझरचा प्रत्येक डाव लिहायला घेतला. तारीख, गाव, धावा, कसा बाद झाला आणि शेवटच्या रकान्यात शेरा. १९९० साली लॉर्ड्सवर गूचच्या ३३३ धावांना उत्तर देताना अझरनं १२१ केले, त्यापुढं मास्तरांनी 'अप्रतिम' असं लिहिलं. मास्तरांनी उभ्या नोकरीत कुठल्या उत्तरपत्रिकेवर हा शेरा दिला नव्हता.

सोळा वर्षं हे असं चाललं. हिंदू, मुसलमान, मराठी, उर्दू, सगळ्यांच्या तोंडी 'आपला अझर'. तो हरला तरी शिव्या आपल्याच माणसाला द्याव्यात तशा दिल्या जात. १३ मार्च १९९६ रोजी ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात त्यानं नाणेफेक जिंकून श्रीलंकेला फलंदाजी दिली आणि पुढं आमचे ८ गडी १२० धावांत गेले. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, जाळपोळ केली, सामनाधिकाऱ्यांनी सामना श्रीलंकेला देऊन टाकला. त्या रात्री टपरीवर अझरचा जो उद्धार झाला तो छापण्याजोगा नाही. पण सगळ्यांत अर्वाच्य बोलले ते चाचाच, आणि तो त्यांचा हक्क कुणी नाकारला नाही.

मग आलं २००० साल. मार्चमध्ये बंगलोरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध आपण डावानं हरलो, पण अझरनं १०२ केले. ती त्याची नव्व्याण्णवावी कसोटी. मास्तरांनी वहीत शंभराव्या कसोटीसाठी एक आख्खं पान कोरं सोडलं. ७ एप्रिलला दिल्ली पोलिसांनी जाहीर केलं की दक्षिण आफ्रिकेचा कप्तान हॅन्सी क्रोनिए याचं सट्टेवाल्यांशी झालेलं बोलणं आमच्याकडं टेप झालेलं आहे. क्रोनिएनं आधी साफ नाकारलं, चार दिवसांनी आपण पूर्ण प्रामाणिक नव्हतो असं कबूल केलं, आणि जूनमध्ये किंग आयोगासमोर सांगितलं की एका सट्टेवाल्याशी आपली गाठ अझरनं घालून दिली. अझरनं ते नाकारलं.

चाहत्याचा माणूस अडचणीत आला की चाहता काय करतो, याचा आम्ही त्या उन्हाळ्यात चांगला अभ्यास केला. पहिल्या आठवड्यात तो पुरावा मागतो. दुसऱ्या आठवड्यात 'सगळेच खातात, यालाच कामून धरलं?' असं म्हणतो. तिसऱ्या आठवड्यात त्याच्यातला वकील जागा होतो. आमच्याकडं तर तयार वकीलच होते. वकीलसाहेबांनी नजिरा काढल्या.

पहिली नजीर इटलीची, आणि तीही फुटबॉलची. पाओलो रोस्सी नावाच्या खेळाडूला १९८० साली सट्ट्याच्या प्रकरणात तीन वर्षांची बंदी झाली. पुढं ती दोन वर्षांवर आली. आपण निर्दोष आहोत असं तो म्हणतच राहिला. बंदी संपली, १९८२ चा विश्वचषक आला, रोस्सीनं ब्राझीलविरुद्धचे तीन धरून सहा गोल केले आणि इटली जगज्जेती झाली. "गोल झाले, मुकदमा खारिज!" वकीलसाहेब म्हणाले. चाहत्याच्या कायद्यात धावा आणि गोल हाच उत्तम जामीन असतो.

दुसरी नजीर वेस्ट इंडिजची. लेस्ली हिल्टन हा सहा कसोट्या खेळलेला जमैकाचा वेगवान गोलंदाज. त्यानं १९५४ साली बायकोला गोळ्या घालून मारलं आणि मे १९५५ मध्ये तो फासावर गेला. त्या सुमारास बार्बाडोसला ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी चालू होती. वेस्ट इंडिजच्या होल्टनं झेल सोडले, तेव्हा प्रेक्षकांत 'होल्टला फाशी द्या, हिल्टनला वाचवा' असा फलक झळकल्याची हकिकत क्रिकेटच्या पुस्तकांत येते. आम्ही खूप हसलो. चाचा गाळणं झटकत म्हणाले, "औरत का बोर्ड किसी ने नै लगाया?" हसणं जरा लवकर थांबलं.

पण अझरच्या बाबतीत मेलेलं कुणी नव्हतं. फसवला गेला असेल तर तो प्रेक्षकच. म्हणजे आम्हीच मुद्दई. आणि मुद्दईला कोर्ट नव्हतं. सी.बी.आय.चा अहवाल २००० सालच्या नोव्हेंबरात बाहेर आला. त्यात अझरचं नाव होतं, पण सामना ठरवणं हा गुन्हा कुठल्या कलमात बसवायचा हेच अवघड आहे, असंही त्यात निघालं. ही अडचण पुढंही सुटली नाही. कर्नाटकातल्या एका स्पर्धेच्या प्रकरणात तिथल्या उच्च न्यायालयानं २०२२ साली म्हटलं की प्रेक्षकाला फसल्यासारखं वाटेल हे खरं, पण तिकीट तो स्वखुशीनं काढतो. तेव्हा कलम ४२० प्रमाणे ही फसवणूक होत नाही. आम्ही तर तिकीटही काढलेलं नव्हतं. आमचं जे गेलं त्याची पावती कुठून आणणार?

काय गेलं ते मास्तरांच्या वहीत दिसू लागलं. मास्तरांनी तांबडी पेन्सिल घेऊन सगळे डाव पुन्हा तपासायला सुरुवात केली. हा धावबाद कसा झाला? हा झेल इतका सोपा कसा दिला? १९९६ सालची ती नाणेफेक? एकेका डावाखाली तांबडी रेघ येऊ लागली. मग अझर सोडून ते इतरांकडं वळले. अजय जडेजाचंही नाव आलं होतं. "मग बंगलोरला त्यानं वकार युनूसला मारलेले ते फटके?" मास्तरांनी मला विचारलं. "ते तरी खरे होते ना?" मी म्हणालो, "मास्तर, खरे होते." ते म्हणाले, "गवाह कोन?"

५ डिसेंबर २००० रोजी नियामक मंडळानं अझरवर आजन्म बंदी घातली. अजय शर्मावरही तशीच. जडेजा आणि प्रभाकर यांच्यावर पाच-पाच वर्षांची. कोरं पान कोरंच राहिलं. ९९ कसोट्या, ६२१५ धावा, २२ शतकं, बेरीज संपली.

मधल्या काळात टपरीवर एक लहानशी गोष्ट घडली. आपण अल्पसंख्याक असल्यामुळं आपल्याला लक्ष्य केलं जातंय, असं अझर त्या वर्षी बोलून गेला होता. त्यावर देशभर गदारोळ झाला. दुसऱ्या दिवशी मास्तर टपरीवर आले ते पेपर हातात नाचवीतच. "बघा चाचा, काय म्हणतोय तुमचा अझर!"

मास्तर वाईट माणूस नव्हेत. चाचांच्या मुलाला त्यांनी फुकट शिकवून दहावीच्या गणितात काठावरून पलीकडं नेलं होतं. ते 'तुमचा' त्यांच्या तोंडून रागात गेलं, आणि ते गेलंय हे त्यांना कळलंही नसावं. चाचा काही बोलले नाहीत. चहा दिला, फडक्यानं फळी पुसली. गर्दी ओसरल्यावर मला म्हणाले, "उसकू ऐसा बोलने का क्या काम था? उनो बोल के सो गया. सुबे से रात तक जवाब मैं देरहूं."

दुसऱ्या दिवशी भिंतीवरचं पान नव्हतं. स्टोव्हच्या धुरानं काळ्या झालेल्या भिंतीत तेवढा चौकोन पांढरा दिसत होता. देशात ठिकठिकाणी अझरचे पुतळे जाळले गेले. आमच्याकडं कुणी काडी ओढली नाही, हे आम्ही बरेच दिवस एकमेकांना अभिमानानं सांगत होतो. त्या चौकोनाकडं मात्र कुणी बघत नसे.

निजामाच्या काळापासून हे गाव एक गोष्ट जाणून आहे. सर्वनाम बदललं की भूगोल बदलतो. सोळा वर्षं हैदराबाद आपलं होतं, अझर आपला होता. एका सकाळी हैदराबाद तिथंच राहिलं, चाचा टपरीतच राहिले, फक्त 'आपला'चं 'तुमचा' झालं. सामना ठरवला गेला की नाही, हे कोर्ट ठरवील. पण अझरनं काय केलं याचा हिशेब चाचांकडं का मागायचा, याला कुठल्या कलमाचा आधार होता?

पुढं सगळं कायद्याच्या चालीनं चाललं. जडेजाची बंदी दिल्ली उच्च न्यायालयात २००३ साली उठली. अझर हैदराबादच्या दिवाणी न्यायालयात हरला आणि वर अपिलात गेला. अपील चालू असतानाच २००९ साली तो मुरादाबादहून लोकसभेवर निवडून आला. म्हणजे खेळायला अपात्र, पण कायदे करायला पात्र. वकीलसाहेबांना ही नजीर फार आवडली. अखेर ८ नोव्हेंबर २०१२ रोजी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं ती बंदी बेकायदा ठरवली. बारा वर्षं लागली. अझर तोवर एकोणपन्नास वर्षांचा झाला होता. शंभरावी कसोटी कुठलंच कोर्ट देऊ शकत नव्हतं. दिल्ली पोलिसांनी क्रोनिएच्या प्रकरणात आरोपपत्र दाखल केलं ते २०१३ साली. क्रोनिए तर २००२ सालीच विमान अपघातात गेला होता.

निकालाची बातमी आली त्या दिवशी टपरीवर चहा चाचांचा मुलगा करीत होता आणि चाचा बाजूच्या स्टुलावर बसून सुपारी कातरत होते. भिंतीला मधल्या काळात निळा रंग लागला होता. मास्तर काठी टेकीत आले. आता त्यांना बारीक अक्षर दिसत नसे, बातमी कुणीतरी वाचून दाखवली असावी. बसता बसता ते जरा मोठ्यानंच म्हणाले, "चाचा, ऐकलं का? सुटला बरं आपला अझर!"

चाचांनी मान वर केली नाही. अडकित्ता चालूच राहिला.

"किसका?" ते म्हणाले.

मास्तर गप्प झाले. वकीलसाहेबांनाही नजीर आठवली नाही. चहा आला, मास्तरांनी तो शेवटपर्यंत प्यायला. उठताना त्यांनी पन्नासची नोट फळीवर ठेवली आणि सुटे पैसे न घेता निघून गेले. पै-पैचा हिशेब ठेवणारा गणिताचा मास्तर सुटे सोडून गेला, तर आमच्या परभणीत त्याला कबुलीजबाब समजतात. चाचांनी उरलेले पैसे मोजले, कागदाच्या पुडीत बांधले आणि मुलाला म्हणाले, "मास्टर साब कल आएंगे. देना."