राहूचं गणित, राहूची कथा

आमच्या घराण्याकडे गावचं जोशीपण होतं. सुगीत बलुतं मिळे. पाडव्याला आजोबा संवत्सरफल वाचून दाखवत. त्यांचं पंचांग ‘ग्रहलाघवा’वर चाले. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी हा ग्रंथ शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली रचला. गणितात राहू हा चंद्राची वाट सूर्यमार्गाला छेदते तो बिंदू. ग्रहण ही छाया. तरी वेध लागले की आजोबा अमृत चोरणाऱ्या राहूची, नेवाशाच्या मोहिनीराजाची कथा सांगत. मोहिनीराजाने उडवलेलं राहूचं शीर राहुरीत पडलं, ही आमच्याकडची श्रद्धा. गणिताने ग्रहणाची वेळ कळे. स्नान, दान, जप कशासाठी, हे कथा सांगे. भ्यालेली माणसं आजोबांच्या ओसरीवर येत, ती या कथेच्या आधारासाठीच.