चौसष्ट बाइट्सची वाटणी

कल्याण सुटले की लोकल एकतर विठ्ठलवाडीकडे वळते, नाहीतर शहाडकडे. तोवरची वाट सामाईक. एकाच हार्ड डिस्कवर विंडोज आणि लिनक्स नांदवणाऱ्या संगणकातही असाच एक सांधा असतो. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर तो पहिल्याच सेक्टरमध्ये, ५१२ बाइट्सच्या जागेत असे.

हा सांधा मार्च १९८३ चा. आयबीएमने पीसी-एक्सटी आणला, त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती आणि सोबत डॉस २.० मधली, डिस्कचे वाटे पाडणारी एफडिस्क ही आज्ञा. आज मोबाइलचे दोन-तीन फोटो काढले की तेवढी जागा भरते! पण त्या काळी डॉसबरोबर सीपीएम-८६ सारख्या प्रणालीही वापरात होत्या, म्हणून एवढ्याशा डिस्कवरही चौघांची सोय केली गेली. पहिल्या सेक्टरमधले ६४ बाइट्स वाटणीच्या तक्त्याला दिले. त्यात सोळा-सोळा बाइट्सच्या चार नोंदी: वाटा कुठून सुरू होतो, केवढा आहे, कोणत्या प्रकारचा आहे आणि चालू कोणता. जागेची एवढी चणचण असताना दुसऱ्या प्रणालीसाठी दार उघडे ठेवणे, हा मला संगणकाच्या इतिहासातला फार मोठ्या मनाचा निर्णय वाटतो.

लिनक्स वाढले ते याच दारातून आत येऊन. १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्सच्या संगणकावर मिनिक्स ही प्रणाली होती, आणि त्याच डिस्कवर त्यांची नवी प्रणाली, लिनक्स, आकार घेत होती. एकदा मोडेमला द्यायची आज्ञा चुकून हार्ड डिस्कवर लिहिली गेली आणि मिनिक्सचा वाटा खराब झाला. त्यांनी तो पुन्हा उभा केला नाही. पुढचे सगळे काम लिनक्सवरच झाले. सुरू होताना प्रणाली निवडू देणारा लिलो १९९२ मध्ये आला, पुढे ग्रब.

त्याआधीच, १९८७ च्या डॉस ३.३ ने चारांतल्या एका वाट्याच्या पोटात आणखी वाटे करण्याची सोय दिली होती. आपल्याकडचे डी आणि ई ड्राइव्ह बहुधा त्याच पोटातले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला पीसी घरी यायचा तो सी, डी, ई पाडूनच. व्हायरसने विंडोज बिघडले तर सी फॉरमॅट करायचा. डीमधली गाणी, फोटो, प्रोजेक्ट शाबूत. या रिवाजाने लिनक्सला आयती जागा मिळाली. मासिकासोबतची सीडी किंवा पुढे उबुंटूने टपालाने फुकट पाठवलेली सीडी हाती आली, की मुले ई रिकामा करत आणि तिथे लिनक्स बसवत. क्रम मात्र पाळावा लागे: आधी विंडोज, मग लिनक्स. उलट केले तर विंडोज पहिल्या सेक्टरमधला प्रोग्राम पुसून स्वतःचा लिही. लिनक्स डिस्कवर असूनही त्याच्याकडे जाणारी वाट बंद होई.

दोन टेराबाइटपलीकडे वाटणीचा हा जुना तक्ता पोचत नाही. म्हणून आता जीपीटी ही वाटणीची नवी पद्धत आली आहे. तिच्यात साधारणपणे १२८ नोंदींची जागा असते.

एक अडचण मात्र अजून भेटते, आणि तिचा आकडा खास भारतीय आहे. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहिते, तर लिनक्स तिथे जागतिक वेळ धरते. त्यामुळे लिनक्समधून विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसते. घड्याळात स्थानिक वेळच आहे असे लिनक्सला एकदा सांगितले की दोघांची वेळ जुळते.