मराठा सुताराचं नाव

२०२३ साली आमचा जिल्हा उस्मानाबादचा धाराशिव झाला. कचेऱ्यांच्या पाट्या आणि शिक्के बदलत होते, आणि मी भलत्याच नावामागे लागलो होतो. येडशीच्या रामलिंग अभयारण्यात बाभळींवर दिसणारा मराठा सुतार. नाव ऐकून मित्र हसतात, ‘पक्ष्यालाही जात चिकटवली का?’ जात नाही, मुलूख.

१८०१ साली जॉन लॅथम या इंग्रज डॉक्टरने त्याला ‘पायकस महराटेन्सिस’ असं शास्त्रीय नाव दिलं. लॅथम भारतात कधीच आला नाही. इतरांनी जमवलेले नमुने आणि चित्रं यांवर त्याचं काम चालायचं. तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव होता आणि असईची लढाई दोन वर्षांवर होती.

पुढे १८१८ला पेशवाई गेली. धाराशिव तर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात. (ज्या उस्मान अलींचं नाव जिल्ह्याला होतं, त्यांच्याच कारकिर्दीत, १९३१-३२ला, सालिम अलींनी संस्थानातल्या पक्ष्यांचं सर्वेक्षण केलं.) शास्त्रज्ञांनी या पक्ष्याचं कूळही बदललं, आज तो ‘लायोपायकस’ आहे. इंग्रजी पुस्तकांनी ‘मराठा’ काढून ‘यलो-क्राउन्ड’ केलं. पण शेवटचं ‘महराटेन्सिस’ जागचं हललं नाही. आधी दिलेलं नाव टिकवायचं, हा प्राणिशास्त्राचा नियम. कुठल्याही मंत्रिमंडळाला ते बदलता येत नाही.

‘यलो-क्राउन्ड’ चूक नाही म्हणा. कपाळ आणि माथा पिवळसर असतो. नराच्या डोक्यावर मागे लाल रंग असतो, मादीला तो नसतो. आकाराने बुलबुलापेक्षा किंचित लहान, काळपट पाठीवर पांढरे ठिपके, पोटावर लाल डाग. पायाची दोन बोटं पुढे, दोन मागे. कडक शेपटी तो तिसऱ्या पायासारखी खोडाला टेकवतो. सुतारपक्ष्यांची जीभ इतकी लांब, की तिला आधार देणारी हाडं कवटीला मागून वळसा घालून पुढे येतात.

डोक्यात ‘शॉक अ‍ॅब्सॉर्बर’ असतो, हे सगळ्यांनी ऐकलेलं. २०२२ साली बेल्जियमचे सॅम व्हॅन वासेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी सुतारपक्ष्यांचे हाय-स्पीड व्हिडिओ तपासले. तसलं काही नाही! डोकं ताठ हातोड्यासारखं आदळतं. मेंदू लहान असल्याने तो धक्का सोसतो. धक्का आधीच शोषला गेला, तर चोचीचा घाव कमी पडेल. कुठला सुतार हातोड्याला उशी बांधतो? आपल्या लोकांनी नाव ठेवताना नुसतं बघून हे ओळखलं होतं, असं मला वाटतं.

काळजी वेगळीच आहे. हा घरटं कोरतो वाळक्या फांदीत. आमच्याकडे वाळकी फांदी म्हणजे सरपण, आणि दुष्काळी गावात चुलीला दोष कोण देणार? पण रस्ता रुंद करताना कडेचं जुनं झाड बुंध्यासकट जातं, आणि त्याजागी लावलेल्या रोपाला वठलेली फांदी यायला कित्येक वर्षं लागतात. अडचण त्याची एकट्याची नाही. त्याने सोडलेल्या ढोलीत पुढे दयाळ किंवा रामगंगा राहायला येते, तीही भाडं न देता.