अपंगत्व-विमा : अपुऱ्या नोकरीकाळाचा प्रश्न (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

आजाराने किंवा अपघाताने काम करणे अशक्य झालेल्या माणसाला अमेरिकेत केंद्र सरकारकडून दरमहा रक्कम मिळण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला सोशल सिक्युरिटीचा अपंगत्व-विमा. पगारातून कापलेल्या कराच्या बळावर तो हक्काने मिळतो. दुसरा ‘सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम’, संक्षेपाने एसएसआय. तो मिळकत व मालमत्ता अत्यल्प असल्याचे सिद्ध केल्यावर मिळतो. ज्यांची नोकरी थोडी झाली किंवा मध्येच सुटली, ते बहुधा या दोहोंच्या मधल्या फटीत सापडतात. ही फट विम्याच्या गणितातून अपरिहार्यपणे निघते असे सांगितले जाते. कायद्याचा इतिहास पाहता ती एका राजकीय तडजोडीची खूण ठरते.

पात्रतेचा हिशेब क्रेडिटमध्ये होतो. वर्षाला जास्तीत जास्त चार क्रेडिट मिळतात. २०२५ मध्ये १,८१० डॉलर कमाईला एक व ७,२४० डॉलरला चार, असा दर होता. दोन कसोट्या लागतात. पहिली एकूण कामाची : वयाच्या एकविसाव्या वर्षानंतर अपंगत्व येईपर्यंतच्या दर वर्षामागे साधारण एक क्रेडिट, किमान सहा, कमाल चाळीस. दुसरी अलीकडच्या कामाची : एकतिशी ओलांडलेल्याने अपंगत्वाआधीच्या दहा वर्षांत वीस क्रेडिट, म्हणजे पाच वर्षांचे काम, दाखवले पाहिजे. चोवीस ते एकतीस या वयात, एकविसाव्या वर्षापासून गेलेल्या काळाच्या निम्मे काम पुरते. चोविसाच्या आत आधीच्या तीन वर्षांत सहा क्रेडिट पुरतात. रोखीने घेतलेली आणि कुठे न नोंदलेली मजुरी हिशेबात येत नाही. स्वयंरोजगारात वर्षाचा निव्वळ नफा ४०० डॉलर झाला की कर भरावा लागतो. ते विवरण भरायचे राहिले, तर वर्ष संपल्यापासून तीन वर्षे, तीन महिने व पंधरा दिवसांनंतर ती कमाई नोंदवून घेणे जवळजवळ अशक्य होते.

दुसऱ्या कसोटीचा काच एका कल्पित उदाहरणाने दिसेल. एक स्त्री बावीस ते बत्तीस या वयात सलग नोकरी करते, चाळीस क्रेडिट जमवते आणि मग मुलांसाठी घरी राहते. चाळिसाव्या वर्षी तिला मल्टिपल स्क्लेरोसिसने काम अशक्य होते. पहिल्या कसोटीला तिला अठराच्या आसपास क्रेडिट पुरली असती. तिच्याकडे त्याच्या दुपटीहून अधिक आहेत. पण शेवटच्या दहा वर्षांत तिचे काम दोनच वर्षांचे, म्हणून दावा फेटाळला जातो. तिचे विमासंरक्षण सदतिशीच्या सुमारास संपलेले असते. त्या तारखेआधीच काम अशक्य झाले होते असे जुन्या एमआरआयवरून किंवा डॉक्टरांच्या टिपणावरून दाखवता आले, तरच वाट उघडते. उलट तेविसाव्या वर्षी अपंगत्व आलेल्या तरुणाला दीड वर्षाची नोकरी पुरते.

हा नियम आला कुठून? १९३५ च्या मूळ कायद्यात अपंगत्वाला जागा नव्हती. १९५६ मध्ये सिनेटर वॉल्टर जॉर्ज यांची दुरुस्ती सिनेटमध्ये ४७ विरुद्ध ४५ मतांनी मंजूर झाली. डॉक्टरांच्या संघटनेचा, अमेरिकन मेडिकल असोसिएशनचा, तिला विरोध होता. मते मिळवायची तर योजना आखूड ठेवणे भाग होते. म्हणून लाभ फक्त पन्नाशीपुढच्यांना ठेवला गेला आणि कामाच्या अटी एकावर एक रचल्या गेल्या. पुढे त्या एकेक करून सैल झाल्या. शेवटच्या तेरा तिमाहींपैकी सहांत काम हवे ही अट १९५८ मध्ये गेली. पन्नाशीची अट १९६० मध्ये गेली. एकतिशीच्या आतल्यांसाठी १९६७ मध्ये सवलत आली आणि अंधांना १९७२ मध्ये अलीकडच्या कामाची कसोटी माफ झाली. म्हणजे ज्या गटाची अडचण संसदेला पटली त्याच्यासाठी नियम वाकला. घरी राहून मुले किंवा वृद्ध सांभाळणाऱ्यांसाठी मात्र तो वाकलेला नाही.

यावर जाणकारांचा मुख्य आक्षेप असा की विमा गमावलेल्या पगाराची भरपाई करतो. जो पगार घेतच नव्हता त्याने गमावले काय? शिवाय अट काढली तर प्रकृती खालावल्यावर लोक जेमतेम क्रेडिट जमवून दावा करतील. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, पण त्याला एकूण कामाची कसोटी बऱ्याच अंशी पुरेशी आहे. वरच्या उदाहरणातील स्त्रीने चाळीस क्रेडिट आजाराची चाहूल लागण्याआधीच कमावली होती. पहिला मुद्दा याच कायद्यातल्या वृद्धत्व-निवृत्तिवेतनापुढे टिकत नाही. तेही पगाराचीच भरपाई, पण चाळीस क्रेडिट एकदा झाली की तो हक्क आयुष्यभर राहतो. म्हणजे याच स्त्रीला त्याच क्रेडिटांवर बासष्टाव्या वर्षापासून निवृत्तिवेतन मिळेल आणि चाळिसाव्या वर्षी अपंगत्व-लाभ मिळणार नाही. शिवाय लाभाची रक्कम सरासरी कमाईवर ठरत असल्याने कमी वर्षे काम केल्याचा तोटा तिथेही होतोच. भारताच्या १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत नोकरीत असताना कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास एका महिन्याचे अंशदानही चालते. मात्र तिथे नोकरी सुटल्यावर आलेले अपंगत्व बसत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरा आक्षेप, अशांसाठी एसएसआय आहेच. हे उत्तर कागदावर ठीक आहे. १९७२ मध्ये मंजूर होऊन जानेवारी १९७४ पासून सुरू झालेल्या या योजनेत कामाची अट नाही. पण एकट्या माणसाकडे २,००० डॉलरहून व जोडप्याकडे ३,००० डॉलरहून अधिक मालमत्ता चालत नाही. राहते घर व एक मोटार यांतून वगळतात. या मर्यादा १९८९ पासून तशाच आहेत. जोडीदाराची मिळकतही हिशेबात धरली जाते, त्यामुळे नवरा बेताचे कमावत असला तरी उदाहरणातील स्त्री इथेही बाद होऊ शकते. २०२५ मध्ये एकट्याला केंद्राकडून मिळणारी कमाल रक्कम महिना ९६७ डॉलर होती.

दुसऱ्याच्या क्रेडिटांवर : बाविशीच्या आत अपंगत्व आलेल्या व्यक्तीला आई किंवा वडील निवृत्त, अपंग वा मृत झाल्यावर त्यांच्या खात्यावर लाभ मिळतो. तिचे स्वतःचे एकही क्रेडिट लागत नाही. लग्न केल्यास तो बहुधा बंद होतो. पन्नाशी ओलांडलेल्या अपंग विधवा-विधुरांनाही स्वतंत्र तरतूद आहे.

वैद्यकीय निकष : किमान बारा महिने टिकणारी किंवा मृत्यूकडे नेणारी असमर्थता. अंशतः अपंगत्वाला लाभ नाही.

भारतीयांच्या संदर्भात : एच-१बी व्हिसावरील कर्मचाऱ्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटी कर कापला जातो व क्रेडिट जमतात. विद्यार्थी-व्हिसावरील पहिल्या पाच वर्षांत सामान्यतः कर नाही, म्हणून क्रेडिटही नाही. एच-१बीधारकांच्या एच-४ व्हिसावरील जोडीदारांना २०१५ पर्यंत नोकरीची मुभाच नव्हती, आणि नंतरही ती काहींनाच मिळाली. पुण्या-मुंबईहून गेलेल्या अनेक सुशिक्षित स्त्रियांची नोंद त्यामुळे कोरी राहिली. १९९६ च्या कायद्याने एसएसआयही बहुतेक परदेशी नागरिकांना बंद झाले. ग्रीन कार्डधारकाला सामान्यतः चाळीस क्रेडिट दाखवावी लागतात, त्यांत विवाहकाळातली जोडीदाराची क्रेडिटही धरता येतात. जर्मनी, फ्रान्स, कॅनडा, जपान यांच्याशी भारताचे सामाजिक सुरक्षा करार आहेत. अमेरिकेशी असा करार झालेला नसल्याने भारतातील नोकरीची वर्षे तिथल्या क्रेडिटांत मिळवता येत नाहीत.

दाद : नकाराविरुद्ध साठ दिवसांत फेरविचाराचा अर्ज करावा लागतो, त्यानंतर प्रशासकीय न्यायाधीशासमोर सुनावणी.